हळदीचा अर्धा अंगठा

माझं लग्न अजून झालेलं नाही, केळवणं मात्र दोन झाली आहेत. दोन्हींना मी पोटभर जेवले, ओटी भरून घेतली आणि दुसऱ्याला तर उखाणासुद्धा घेतला. नवऱ्याचा पत्ता नसताना उखाणा घेणं किती अवघड असतं ते ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल, म्हणजे मला एकटीलाच. ह्या सगळ्याच्या मुळाशी आमच्या शाळेतल्या खिचडीच्या मावशी होत्या. खरं सांगायचं तर मुळाशी माझीच लबाडी होती, पण तिच्याकडे सावकाश येऊ.

कागदोपत्री मावशी 'स्वयंपाकी तथा मदतनीस' होत्या. वाडीत सगळे त्यांना मावशी म्हणत. हेडसर काहीच म्हणत नसत, कारण ते त्यांना घाबरत. अंगाने काटकुळ्या, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, दाताला मिसरी आणि हातात कायम पळी. वर्गात काही निरोप द्यायचा असला तरी पळी घेऊनच यायच्या. त्यामुळे निरोप साधा असला तरी धाक बसायचा.

आमची शाळा पौडच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, अठ्ठावीस मुलं, हेडसर आणि मी. मी भुकूमहून स्कुटीवर यायचे. नवी होते, बी.एड.ची शाई ओली होती, आणि मुलांना काय येत नाही ह्याची माझ्याकडे मोठी यादी होती. मावशींना मुलांची नावं येत नाहीत हेही मी त्या यादीत घातलं होतं. त्या प्रत्येक मुलाला त्याच्या आज्याच्या किंवा आजीच्या नावाने हाक मारायच्या. "ही आताची नावं तोंडात टिकत न्हाईत," म्हणायच्या. त्यामुळे दुपारी स्वयंपाकघरातून "धोंडाबाई, ताट आन!" अशी आरोळी आली की चौथीतली श्रावणी उठायची. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, शाळेत सरासरी वय सत्तर आहे.

घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. झेंड्याच्या खांबाची सावली पायरीला टेकली की ताटं मांडायची. ढगाळ दिवस असला तर काम त्यांच्या शेळीकडे. ही शेळी रोज त्यांच्याबरोबर शाळेत यायची, हापशाला बांधलेली असायची, आणि भूक लागली की जी ओरडायची ती थेट हेडसरांच्या फोनवरच्या मीटिंगमध्ये ऐकू जायची. एकदा पलीकडून साहेबांनी विचारलं होतं, "कोण बोलतंय मध्ये?" हेडसर म्हणाले, "मदतनीस आहेत, सर." ते शेळीबद्दल बोलत होते की मावशींबद्दल, मी विचारलं नाही.

तर त्या दिवाळीनंतर आमच्या शाळेत पुस्तकांचं कपाट आलं.

हिंजवडीकडच्या एका कंपनीने तालुक्यातल्या काही शाळांना वाचनाची बक्षीस योजना दिली होती. काचेचं कपाट, त्यात दोनशे पुस्तकं, आणि दर मुलाला एकेक छोटी वही. तिचं नाव 'वाचन पासपोर्ट'. मुलाने पुस्तक वाचायचं, कुणा मोठ्या माणसाला त्याची गोष्ट सांगायची आणि त्या माणसाची सही आणायची. दहा सह्यांना कंपासपेटी, पंचवीस सह्यांना पाण्याची बाटली, पन्नास सह्यांना दप्तर. आणि मार्चअखेर ज्या शाळेच्या सह्या सगळ्यांत जास्त, त्या शाळेला सगळी कपाटं कायमची. बाकीच्यांची काढून तिकडे नेणार. आमच्या शाळेत त्याआधी पुस्तकं म्हणजे एक पेटी, आणि तिच्यात उंदीर. म्हणून ते कपाट राहावं असं मला मनापासून वाटत होतं.

अडचण सहीची होती. मुलांचे आईबाप सकाळी सातलाच कासार आंबोलीकडच्या बंगल्यांवर बागकामाला, धुण्याभांड्याला जायचे, ते अंधार पडता पडता यायचे. हेडसरांना ऑनलाइन माहिती भरायची असायची, मला दोन वर्ग एकदम शिकवायचे असायचे. हेडसर म्हणाले, "मावशींना ऐकू द्या की. त्या बसूनच असतात."

मावशी कधीही बसून नसत, पण मला ती कल्पना फार आवडली. त्यांना वाचता येत नव्हतं, तेव्हा त्या काय हरकत घेणार? मूल काहीतरी बडबडेल, त्या मान हलवतील आणि अंगठा देतील. हेडसरांचं शाईचं पॅड मे महिन्यापासून उघडं राहून वाळलं होतं. मावशी म्हणाल्या, "शाई कशाला पायजे?" त्यांनी हळदीत दोन थेंब तेल घातलं आणि अंगठा बुडवला. त्या अंगठ्यावर, बुडाकडच्या बाजूला, विळीने कापल्याची एक जुनी आडवी रेघ होती. ती ठशात स्वच्छ उमटायची.

पहिल्या दिवशी दुसरीतली एक मुलगी आठ पानांचं चित्रांचं पुस्तक घेऊन गेली. वाघ आणि ससा मित्र होतात, ससा वाघाला गाजर देतो, वाघ ते खातो, संपलं.

"वाघानं गाजर खाल्लं?" मावशींनी विचारलं.

"हो."

"कोन म्हनतंय?"

"पुस्तक."

"मग पुस्तकाला सांग, वरच्या माळाला बिबट्या येतो. त्यानं औंदा माझी दोन करडं नेली. बाजूलाच गाजराचा वाफा व्हता, त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. जा, नीट वाचून ये."

मुलगी रडत माझ्याकडे आली. मी मावशींना समजावलं की ही बालकथा आहे, ह्यातून मैत्रीचा संदेश मिळतो. मावशी म्हणाल्या, "संदेश मिळू द्या की. पर वाघ खाईल काय?" दुसऱ्या दिवशी ती मुलगी धावत आली. पाचव्या पानावरच्या चित्रात वाघ जांभई देतोय आणि त्याच्या तोंडात एकही दात नाही, हे तिने शोधून काढलं होतं. तो म्हातारा होता! मी ते पुस्तक वर्गात दोनदा वाचून दाखवलं होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मावशींनी चित्र बराच वेळ पाहिलं. "आता पटलं," म्हणाल्या. "सशानं गाजर किसून दिलं असंल." आणि अंगठा उमटवला.

तिथून पुढे स्वयंपाकघराच्या दारात परीक्षा चालू झाली. मावशी भांडी घासायच्या आणि प्रश्न विचारायच्या. राजाने राजवाडा सोडला तर मागे चुलीचं कुणी बघितलं? परी रात्रभर उडत होती तर तिचे पाय वाळले कधी? मुलं पुस्तकाकडे परत जायची, उत्तर शोधायची, नसलं तर "पुस्तकानं सांगितलंच न्हाई, मावशी" असं शपथेवर सांगायची. ती शपथ मावशींना चालायची. कंटाळून घाईत सांगितलेली गोष्ट मात्र चालायची नाही. "भूक न् गोष्ट अर्ध्यावर सोडू नी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गंमत म्हणजे बक्षिसांकडे कुणी पाहीना. कंपासपेट्यांचा खोका हेडसरांच्या खुर्चीमागे तसाच पडून होता. मुलांना पिवळा अंगठा हवा असायचा. तिसरीतल्या एकीने मावशींना गळ घालून तो गालावर उमटवून घेतला आणि तीन दिवस तोंड धुतलं नाही. तिच्या आईने शाळेत येऊन माझ्याशी भांडण केलं.

श्रावणीने, म्हणजे धोंडाबाईने, कपाटातलं सगळ्यांत जाड पुस्तक धरलं होतं. पावणेदोनशे पानांचं. एका जहाजावर दुधासाठी एक शेळी घेतलेली असते. जहाज बर्फात अडकतं, खलाशी अडकतात, धान्य संपत येतं, आणि हळूहळू सगळे शेळीकडे बघायला लागतात. श्रावणी रोज जेवणानंतर चार पानं मावशींना वाचून दाखवायची. मावशींनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पाणी म्हणजे मुळशीचं धरण. बर्फ त्यांना कुल्फीच्या गाडीवरचं माहीत होतं. पण शेळी पूर्ण माहीत होती. पहिल्या दिवसापासून मावशी त्या शेळीच्या काळजीत पडल्या. सकाळी आल्या आल्या मला विचारायच्या, "बाई, त्या बोटीवर पाला कुटला मिळनार वो?" मी म्हणायचे, "बघू या हं, मावशी." मला तेव्हा शाळांच्या आकड्यांची काळजी होती.

कारण जानेवारीच्या बैठकीत प्रत्येक शाळेने आपापल्या सह्या सांगितल्या. एकाने तीनशे दहा सांगितल्या, रस्त्याकडेच्या एका मोठ्या शाळेने तीनशे चाळीस. माझी पाळी आली तेव्हा मी "त्रेपन्न" म्हटलं. केंद्रप्रमुखांनी चष्मा वर करून विचारलं, "पुढचं शून्य राहिलं का?"

परतताना मी सरळ स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "मावशी, जरा सढळ हाताने द्या ना अंगठे. कपाट जाईल आपलं."

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बाई, मिठाचा अंदाज चुकला तर पोरं सांगत्यात. अंगठ्याचा अंदाज चुकला तर मला कोन सांगनार?"

मला राग आला. हे बरं, म्हटलं, वाचता येत नाही आणि तोरा केवढा! त्या रागाच्या भरात मी पुढच्या शनिवारी, शाळा सकाळचीच सुटल्यावर, ती गोष्ट केली. सगळे गेल्यावर हळदीचा डबा काढला, तेल घातलं आणि अठ्ठावीस पासपोर्टांत माझा स्वतःचा अंगठा उमटवत बसले. तीनशे अंगठे उमटवले. वर शकुनाचा एक.

घरी येऊन अंगठा धुतला, निघेना. लिंबू चोळलं, निघेना. साबण लावला तर हळदीचं झालं कुंकू, अंगठा लालभडक झाला. रविवारभर घासून तो पुन्हा मळकट पिवळ्यावर आला. सोमवारी मी अंगठ्याला रुमाल गुंडाळून शाळेत गेले आणि कापलंय म्हणून सांगितलं. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिताना रुमाल सुटला.

"बाईंना हळद लागली!" पहिलीतून आवाज आला, आणि वर्ग टाळ्या पिटायला लागला.

मी कसनुशी हसले. आता काय सांगणार? हळद लागली नाही, मी चोरून सह्या केल्या? गोंगाट ऐकून मावशी पळी घेऊन आल्या. त्यांनी माझा अंगठा पाहिला. मग मागे वळून हळदीचा डबा ठेवायच्या फळीकडे पाहिलं. मग पुन्हा अंगठा.

"एकाच बोटाला?" त्या म्हणाल्या. "नवरा लई गरीब दिसतोय."

संध्याकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली. मंगळवारी श्रावणीच्या आजीने, म्हणजे खऱ्या धोंडाबाईंनी, केळवणाचा निरोप धाडला. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटणार, खरं सांगितलं तर मला नोकरीची भीती. गेले. त्यांनी कोंबडा कापला होता. खणानारळाने ओटी भरताना त्या हळूच म्हणाल्या, "बाई, लगीन झालं तरी शाळा सोडू नका," आणि मला इतकं शरमल्यासारखं झालं की मी रस्सा तीनदा मागून घेतला.

दुसरं केळवण मावशींनी केलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांच्या घरी वाडीतल्या आठदहा बायका बसल्या होत्या, पाट मांडला होता, पानात गुळपोळी, वर तूप. पहिला घास घेणार तोच मावशी म्हणाल्या, "आं आं, आधी नाव घ्या."

"अहो, लग्नाआधी कशाला?"

"आमच्यात घेत्यात," मावशी म्हणाल्या. त्यांच्यात अजिबात घेत नाहीत, हे मला नंतर कळलं.

बायका थांबलेल्या, पोळी निवत चाललेली. मी डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते म्हटलं:

"मुळशीच्या धरणात पाणी काठोकाठ,
अमोलरावांचं नाव घेते, सोडा माझी पाठ!"

अशा रीतीने अमोलरावांचा जन्म झाला. ते काय करतात, उंच आहेत का, जमीन किती, दारू पितात का, सगळं त्या एका बैठकीत ठरलं. मावशी एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मी एकेक उत्तर बनवत होते. अगदी शेवटी त्यांनी विचारलं, "न् पोरांच्या गोष्टी ऐकत्यात का?" मी मान खाली घालून पोळी खाल्ली. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी वर आणखी एक पोळी वाढली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या मॅडम आल्या. हसतमुख, हातात टॅब, बरोबर फोटो काढणारा एकजण. त्यांनी पासपोर्टांतल्या सह्या मोजल्या. चारशे दोन! आमची शाळा पहिली. हेडसरांनी लगेच खिशातून कंगवा काढला. मॅडमनी मुलांना गोष्टी सांगायला लावल्या आणि श्रावणीने त्यांना बर्फात अडकवून अर्धा तास उभं केलं. मी देवाचे आभार मानत होते. तेवढ्यात मॅडम एका पासपोर्टवर वाकल्या.

"हे बघा ना, काही ठशांवर आडवी रेघ आहे, काहींवर नाहीये." त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. "मावशी, हे सगळे अंगठे तुमचेच ना?"

मी मावशींकडे पाहिलं. माझ्या नजरेत जे होतं त्याला गयावया म्हणतात. मावशींनी पासपोर्ट हातात घेतला, पानं उलटली, काचेच्या कपाटाकडे पाहिलं. शेळीचं जहाज तेव्हा एकशे बेचाळिसाव्या पानावर होतं. कप्तानाने हुकूम सोडला होता की उद्या सकाळी शेळी कापायची, आणि जहाजावरचा स्वयंपाकी सुरीला धार लावायला बसला होता. कपाट गेलं तर पुढचं कळणार नाही, हे मावशींना माझ्याइतकंच कळत होतं.

"रेघंचे माझे," त्या म्हणाल्या. "बिनरेघंचे बाईंचे. त्या गोष्टी ऐकायच्या राहिल्यात अजून."

हेडसरांनी कंगवा परत खिशात ठेवला.

"बाईंचा दोष न्हाई," मावशी पुढे म्हणाल्या. "त्यांच्या मागं अमोलरावांची गडबड व्हती."

"अय्या, लग्न ठरलं? अभिनंदन!" मॅडम म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन हलवला. मग टॅबवर तीनशे एक सह्या खोडल्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मॅडमना घेऊन टेंपो आला. दोघांनी यादी धरून पुस्तकं मोजली आणि खोक्यांत भरली. श्रावणीने जाड पुस्तक पाठीमागे धरलं होतं, तेही यादीत होतं. मावशी पळी घेऊन टेंपोजवळ गेल्या. "एवढं एक ठेवा. न्हाईतर शेळीचं काय झालं ते तरी सांगून जा." मॅडमना माहीत नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याला तर मुळीच माहीत नव्हतं. मग मावशी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी सांगा."

चार महिने ते कपाट माझ्या वर्गात होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी ते पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. मावशी टेंपो वळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी खिचडी खारट झाली. तिसऱ्या दिवशी अळणी. चौथ्या दिवशी पुन्हा खारट. हापशाची शेळी ओरडली की मावशी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायच्या. मला ते बघवेना. पुण्यात दोन दुकानांत पुस्तक विचारलं, मिळालं नाही. शेवटी मी रस्त्याकडेच्या त्या मोठ्या शाळेत गेले. तिथे आता बरीच कपाटं एका ओळीत उभी होती, प्रत्येकाला झेंडूचा हार. आमचं मी काचेवरच्या हळदीच्या डागावरून ओळखलं. शिपाई कुलूप लावायच्या घाईत होता. पंधरा मिनिटांत शेवटची तीसेक पानं चाळली आणि थेट मावशींच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मावशी, शेळी वाचली!"

त्या जाग्यावरच बसल्या. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "कशी?"

"स्वयंपाक्याने लपवली."

"लपवनारच. रांधनारा मानूस हाय, कोनाला शिजवायचं न् कोनाला न्हाई त्याला कळतं. कुटं लपवली?"

"कोळशाच्या खोलीत... बहुतेक."

"बहुतेक?" मावशींनी पळी खाली ठेवली. "न् वरडली न्हाई? शेळी न् गप? ही बघा आमची, साहेबाला सुदिक सोडत न्हाई. येवढ्या मानसांत ती वरडली कशी न्हाई?"

ते पान मी दोन पानं एकदम उलटताना गेलं असावं.

"बाई," मावशी म्हणाल्या, "तुमी वाचलं न्हाई. तुमी बघून आलायसा."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. ह्या वेळी त्या शिपायाला चहा पाजला, बाकावर बसले आणि तीच पानं ओळ न सोडता वाचली. वाचता वाचता एकटीच मोठमोठ्याने हसायला लागले, तेव्हा शिपाई खिडकीतून डोकावून गेला. सोमवारी जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या पायरीवर, जिथे मुलं बसायची तिथे बसले. अठ्ठावीस मुलं मागे गोळा झाली. आणि मी सांगितलं.

शेळी ओरडायचीच. पहिल्या रात्री ती ओरडली तेव्हा स्वयंपाकी धावत बाहेर आला आणि स्वतःच बें बें करायला लागला. खलाशांना वाटलं, भुकेने ह्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या रात्रीही तेच. मग सगळ्यांना सवय झाली. कोळशाच्या खोलीतून आवाज आला की खलाशी कूस बदलून म्हणायचे, "झोप रे बाबा स्वयंपाक्या." तो आपल्या गादीतला पेंढा काढून शेळीला घालायचा. गादी रिकामी झाली तेव्हा कप्तानाच्या गादीला हात घातला. आणि बर्फ फुटून दुसरं जहाज आलं, तेव्हा फळीवरून पहिली कोण उतरली, तर शेळी. मागून स्वयंपाकी, आणि सवयीने तोही बें बें करत.

मावशी इतक्या हसल्या की पळी घंगाळात पडली. त्या हसता हसता रडल्या, नाक ओढलं, पुन्हा हसल्या. हापशावरून आमची शेळी ओरडली आणि सगळ्या मुलांनी मिळून तिला उत्तर दिलं. हेडसर फोन कानाला लावूनच बाहेर आले आणि तसेच आत गेले. चार महिन्यांत मला एवढा आनंद झाला नव्हता, तो लपवायचं मला काही कारण दिसलं नाही. मी माझी टाचणवही उघडून मावशींपुढे धरली.

त्यांनी हळदीत तेल घातलं, अंगठा बुडवला आणि वहीच्या वर धरून थांबल्या.

"ती शेळी बोटीवर आली कशी मुळात? कोनी आनली?"

"ते... ते पुस्तकाच्या सुरुवातीला असेल ना, मावशी. मी शेवटचं वाचलंय."

"असं?" त्या म्हणाल्या. श्रावणीने खालून हळूच मला काहीतरी सुचवायचा प्रयत्न केला, मावशींनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग त्यांनी अंगठा तिरका केला आणि फक्त टोकाकडचा भाग कागदावर टेकवला.

"अर्धं वाचलंय, अर्धा अंगठा."

मी घरी जाऊन तो ठसा दिव्याखाली धरला. मावशींच्या अंगठ्यावरची आडवी रेघ बुडाकडे होती, म्हणजे ती उमटलीच नव्हती. माझ्या वहीतला एकुलता एक अंगठासुद्धा बिनरेघेचाच होता. शनिवारी दुपारी आईने विचारलं, शाळा सुटून आलीस ती परत कुठे निघालीस, आणि मी तिला सांगितलं की पहिलं पान वाचायला.

शिपायाने मला लांबूनच पाहिलं आणि चहा ठेवला.